चुकाऱ्यातला कॅमेरा

कापसाच्या घरात मोठी वस्तू सणाला येत नसे, चुकाऱ्याला येत असे. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या घरांचं वेळापत्रक त्या खरेदीच्या चेकवर चाललं. बंडीत कापूस भरायचा, संकलन केंद्राबाहेर रांगेत रात्र काढायची, ग्रेडर मूठभर कापूस ओढून पाहायचा आणि प्रत ठरवायचा, मग काटा, मग पावती, आणि त्यानंतर चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशाची वाट. तोही एकदम हाती पडत नसे. म्हणून आमच्याकडे वस्तूंच्या किमती क्विंटलात बोलल्या जात. सायकल किती क्विंटलची, शिलाई मशीन किती क्विंटलची, हे पोराबाळांनाही पाठ असे. कॅमेरे आले तेही असेच. दारव्ह्याच्या आमच्या एकत्र घरात कॅमेरा कधी एका माणसाचा नव्हता. तो घराचा असे. जाणकार तेवढा एक असे.

पहिले जाणकार मोठेबाबा. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. १२० नंबरचा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो. फोकस जुळवायची सोय नाही, शटरचा वेग बदलायची नाही. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं. स्टुडिओवाला निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराची प्रिंट काढून देई, त्यामुळे मोठं करायचा खर्च नसे. काळ्या पानांचा अल्बम, मध्ये बटरपेपर, चार कोपऱ्यांना चार फोटो कॉर्नर. त्या अल्बमात आम्हा सगळ्या चुलत भावंडांचे डोळे मिचकावलेले आहेत. त्या कॅमेऱ्याला भरपूर उजेड लागायचा, आणि उजेड फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा नियम मोठेबाबा काटेकोर पाळत. मग भर दुपारी अंगणात सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं. “हलू नका रे, डोये उघडे ठेवा!” असं ते ओरडत आणि डोळे तर उघडत नसत. माझ्या वयाच्या यवतमाळकरांनी आपापले जुने अल्बम काढून पाहावेत. आपली अख्खी पिढी उन्हाकडे पाहत डोळे बारीक करून उभी आहे.

त्याच आग्फावर १९७३चं यवतमाळचं साहित्य संमेलन आहे. ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. मोठेबाबा दारव्ह्याहून गेले, मंडपात मागच्या बाजूला बसले आणि तिथून दोन फोटो काढले. मांडवाचे बांबू आहेत, टोप्या आहेत, दूर मंचावर पांढऱ्या कपड्यातला एक ठिपका आहे. “हे गदिमा,” असं ते बोट टेकवून सांगत आणि आम्ही मान डोलवत असू. २०१९ साली पुन्हा यवतमाळात संमेलन भरलं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या, उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी महिलेच्या हस्ते झालं. त्या वेळी मांडवात हजारो मोबाइल वर झाले होते. मला मात्र तो बांबूंमधला ठिपका जास्त जवळचा वाटतो, कारण त्यासाठी घरातल्या एका माणसानं बारातले दोन फोटो खर्च केले होते.

मग ऐंशीच्या दशकात मामा हॉट शॉट घेऊन आले. जाहिरातीतला ‘खटाक’ तेव्हा पोरापोरांच्या तोंडी होता. ११० ची काडतुसासारखी फिल्म, तिचं एकेक चित्र तेरा गुणिले सतरा मिलिमीटरचं. पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढली की चेहरे दाणेदार व्हायचे. पण लग्नाच्या मांडवात पोरांच्या हातात द्यायला तो बरा होता, आणि कॅमेऱ्याची भीती आमच्या मनातून त्यानंच घालवली.

खरा कॅमेरा हवा असं पहिल्यांदा वाटलं ते काकाजींना. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. यवतमाळला कामाला गेले की दत्त चौकाजवळच्या एका स्टुडिओत तासभर बसायचे, डार्करूममध्ये डोकवायचे. त्यांची तक्रार एकच होती. घरात दोन कॅमेरे येऊन गेले, पण ज्या पिकावर घर चालतं त्या कापसाचा एकही फोटो धड नाही. कापसाचा ढीग मळका दिसतो, आणि ढिगाशेजारी उभा असलेला माणूस नुसता काळा. दोन्ही एकाच फोटोत नीट आले पाहिजेत. कोणता कॅमेरा घ्यायचा, हा प्रश्न आमच्या घरात तिथून सुरू झाला. कंपनीचं नाव नंतर आलं. आधी आला कापूस.

१९९०च्या उन्हाळ्यात चुकाऱ्याचा हप्ता आला तेव्हा काकाजी, माझे वडील आणि आम्ही दोन भावंडं नागपूरला सीताबर्डीत गेलो. दुकानदारानं काचेवर एकेक करून कॅमेरे मांडले. रशियन झेनिट होता, दणकट आणि स्वस्त. पण त्यातलं प्रकाशमापक भिंगातून येणारा उजेड मोजत नव्हतं, बाहेरून मोजत होतं, आणि दिवसभर गळ्यात घालून शेतात हिंडायला तो जड. मिनोल्टाचा एक्स-३०० होता, हाताला गुळगुळीत, उजेडाचं गणित स्वतः करणारा. काकाजींनी विचारलं, सेल संपला तर? दुकानदार म्हणाला, मग शटर चालणार नाही. दारव्ह्यात तो बटणासारखा सेल कुठं मिळायचा? पेंटॅक्स के-१००० त्यांना फार आवडला, पण त्यात स्वतःला फोटोत येण्यासाठी लागणारा टायमर नव्हता आणि आमच्या घराला सगळे एकत्र फोटोत हवे असत. शेवटी हातात राहिला यशिका एफएक्स-३ सुपर २०००. शटर पूर्ण यांत्रिक, सेल फक्त प्रकाशमापकाला. सेल संपला तरी फोटो निघणार. नुसत्या कॅमेऱ्याचं वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. सोबत ५० एमएमची एफ १.९ ची लेन्स. काकाजींनी चष्म्यासकट डोळा लावून पाहिलं, रस्त्यावरच्या एका सायकलवाल्यावर फोकस धरला, सोडला, पुन्हा धरला. “जमते,” एवढंच म्हणाले.

आज वाटतं, त्या दुकानात काकाजींनी विचारलेले प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नसतात. सेल कुठं मिळतो, दुरुस्ती कोण करतो, चष्म्यातून कोपरे दिसतात का, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात बसतो का. कॅमेरा मानवणं म्हणजे हेच असं माझं ठाम मत आहे.

त्या यशिकात डोळा लावला की कडेला तीन दिवे दिसत: लाल अधिक, हिरवं वर्तुळ, लाल उणे. हिरवा लागला की माप बरोबर, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. काकाजींनी आम्हाला शिकवलं ते वेगळंच: कापसापुढं हिरव्या दिव्याचं ऐकायचं नाही. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक समोरचं जग सरासरीनं करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. अंगावर पडलेल्या उजेडातला सुमारे अठरा टक्के उजेड परत पाठवणारं. आपली वस्ती, झाडं, रस्ते या हिशेबात बऱ्यापैकी बसतात. पण दहा-बारा हात उंचीचा, उन्हात पेटल्यासारखा चमकणारा कापसाचा ढीग त्यात कसा बसावा? मापकाला वाटतं उजेड फार झाला, ते तो कमी करायला सांगतं, आणि पांढरा कापूस राखेच्या रंगाचा होतो. ढिगावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला तर आधीच उजेड कमी, तो आणखी बुडतो. म्हणून काकाजी माप ढिगावर घेत नसत. वळून धुऱ्यावरच्या हिरव्या गवतावर घेत, आकडे तिथंच ठेवत, आणि मग ढिगाकडे वळत. आता लाल अधिकचा दिवा लागायचा. तो लागलेला असतानाच बटण दाबायचं.

त्याहून सोपी रीत फिल्मच्या खोक्यावर छापलेली असे. शंभरची फिल्म, लख्ख ऊन, एफ १६ आणि सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे आकाश असं निरभ्र असतं की त्या एका ओळीवर अख्खा हंगाम निघाला असता. एवढं करूनही लॅबमधलं छपाईचं यंत्र सरासरी काढून कापूस पुन्हा मळका करी. मग काकाजी रोल धुवायला टाकताना पाकिटावर लिहून देत: ‘कापूस पांढरा ठेवावा.’ लॅबवाल्या पोरानं पहिल्यांदा ते वाचून विचारलं, “गुरुजी, कापूस पांढराच असते न?” काकाजींनी त्याला आधीची प्रिंट दाखवली. नंतर तो पोरगा न सांगता आमची पाकिटं वेगळी काढून ठेवायला लागला.

पहिल्या चांगल्या रोलमध्ये सीतादही आहे. पऱ्हाटीची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ते सीतादही. आजी खाली बसलेली आहे, मागं फुटलेली बोंडं, हातातल्या दहीभातावर उन्हाची तिरीप. तिन्ही पांढरे वेगळे दिसतात: दह्याचा ओलसर, कापसाचा भुरभुरा, आणि तिच्या लुगड्याचा धुऊन धुऊन जुना झालेला. मी त्या प्रिंटसमोर आजही थांबतो. आग्फावर या तिन्हींचा एकच डाग झाला असता.

कॅमेरा घेतला काकाजींनी, पण तो खरा मानवला काकूंना. तो लहान होता, त्यांच्या हातात बसायचा. आणि वेचणीला येणाऱ्या बाया काकाजींपुढं पदर सावरून मान खाली घालत, गुरुजी पडले. काकूंपुढं त्या बोलत राहत, हसत, ओटीतला कापूस पाटीत रिकामा करता करता एखादी म्हणायची, “माहाबी एक काढा न बाई.” काकूंनी त्या बायांचे चेहरे काढले. डोक्यावर रुमाल, बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटं, कपाळावर चिकटलेला कापसाचा तंतू. ५० एमएमच्या लेन्सनं असा फोटो काढायचा तर चार-पाच पावलांवर उभं राहावं लागतं, लांबून चोरून काढता येत नाही. समोरच्या माणसाला ठाऊक असतं की आपला फोटो निघतो आहे, आणि तो आपल्याकडे पाहतो. काकूंच्या फोटोंतलं जे बळ आहे ते त्या चार पावलांचं आहे.

रोल छत्तीसचा. तो कशावर खर्च करायचा यावर रात्री जेवताना चर्चा व्हायची. पोळ्याला बैलजोडीचे दोन, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेतलेल्या पोरांचा एक, भुलाबाईच्या मुलींचा एक. नवरात्रात यवतमाळला देवी पाहायला जायचं म्हणजे चारशेची फिल्म घालायची, कोपर खांबाला टेकवायचं, श्वास धरायचा आणि एफ १.९ पूर्ण उघडून तिसाव्या भागाला काढायचा. फ्लॅशशिवाय. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांचा उजेड त्या फोटोंत तसाच्या तसा राहिला आहे.

आणि शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर जाणारी ती नॅरोगेज गाडी दारव्हा मोतीबाग स्टेशनवर थांबायची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ते १५ एप्रिल १९९४ला काढून घेतलं आणि डिझेल इंजिन आलं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात काकाजींनी इंजिनासाठी एक अख्खा कृष्णधवल रोल दिला. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’ नावाचा. सरकारी कारखाना होता तो, आता बंद पडला. काळं इंजिन ही कापसाच्या नेमकी उलट अडचण: मापकाला वाटतं अंधार आहे, ते जास्त उजेड मागतं, आणि काळं लोखंड फिकट होतं. तिथं उणेचा दिवा लागलेला असताना बटण दाबायचं. त्या फोटोंत ड्रायव्हरच्या हातातलं फडकं दिसतं, बॉयलरवरचे रिव्हेट मोजता येतात. आता गाडीही धावत नाही. मोतीबागेला गाडी पाहायला जायची आमची पिढी ते फोटो लग्नकार्यात एकमेकांच्या हातात देत राहते.

कॅमेऱ्याची निगा हे घरातल्या सगळ्यांचं काम होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा न वापरलेले रोल घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माठाच्या खोलीत ठेवायचे. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे काचेवर उगवले की मग लेन्स उघडूनच साफ करावी लागते. म्हणून कॅमेरा स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. ते निळे खडे दमटपणा ओढून गुलाबी होतात. तसे झाले की आई भाकरी झाल्यावर उतरत्या तव्यावर ते परतून घ्यायची, पुन्हा निळे होईपर्यंत. यशिकाच्या अंगावरचं काळं आवरण पुढं पापुद्रे सुटून गळालं, त्या मॉडेलचा तो जन्मदोषच. दारव्ह्यातल्या एका चपला शिवणाऱ्या कारागिरानं त्यावर पातळ चामडं बसवून दिलं. ते अजून घट्ट आहे. आतलं शटरही चालतं.

त्या फोटोंचं काय झालं हे सांगायला हवं. काकूंचा नियम होता की ज्याचा फोटो काढला त्याच्या घरी एक प्रत जाणार. प्रतीचा खर्च घरखर्चात. आमच्या सालदाराच्या घरी त्याचा स्वतःचा त्याआधीचा फोटो म्हणजे कर्जाच्या कागदाला लावलेला पासपोर्ट साइज, तोही बँकेत. काकूंनी काढलेला, बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा असलेला फोटो त्यानं काच लावून भिंतीवर लावला. वेचणीच्या बायांपैकी काहींच्या तेरवीला त्यांच्या पोरांनी तेच फोटो मोठे करून ठेवले, कारण दुसरे नव्हतेच. आपल्या जिल्ह्यानं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ फोटो पाहिले आहेत. शेतकऱ्याची आत्महत्या झालेल्या घराच्या ओट्यावर बसलेली बाई आणि तिच्या हातातली हार घातलेली तसबीर, असे फोटो देशभर छापून आले. त्यांची गरज होती, मी नाकारत नाही. पण त्या तसबिरीतला माणूस जिवंतपणी, आपल्या पिकात, उजेडात, मान वर करून उभा असलेला फोटो त्या घरांत किती वेळा होता? बहुतेक वेळा तो ओळखपत्रावरचाच चेहरा मोठा केलेला असतो. हे मला फार लागतं.

आता पुतण्याला कॅमेरा घ्यायचा आहे. टिपेश्वरचं वेड लागलं आहे त्याला. १४८ चौरस किलोमीटरचं ते पांढरकवड्याजवळचं अभयारण्य, आणि तिथूनच २०१९ साली निघालेला तरुण वाघ तीन हजार किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तेव्हापासून सुन्ना गेटबाहेर लांब लांब लेन्स दिसतात. पुतण्या म्हणतो, “काका, सहाशे एमएमपर्यंतची घेऊनच टाकू का?” मी त्याला विचारलं, वर्षात टिपेश्वरला किती दिवस जाशील आणि घरात, शेतात, कॉलेजात किती? त्यानं विचार करायला वेळ घेतला, हे मला आवडलं.

माझं म्हणणं त्याला सांगितलं ते इथंही सांगतो. पहिला कॅमेरा नवाच पाहिजे असं नाही. चांगल्या स्थितीतला वापरलेला डीएसएलआर आजही उत्तम काम देतो. पण त्यासोबत बहुधा येणारी १८-५५ची लेन्स टोकाला एफ ५.६ वर मंद होते, एफ १.८ ची एक साधी लेन्स तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. संध्याकाळच्या अंगणात आणि नवरात्रातल्या मांडवात तो फरक दिसतो. निकॉनचे डी-३००० आणि डी-५००० मालिकेतले कॅमेरे घेत असाल तर त्यांच्या अंगात फोकसची मोटर नाही हे लक्षात ठेवा. जुन्या डी लेन्स त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाहीत. मिररलेस परवडत असेल तर त्याचा एक फायदा आमच्या जिल्ह्यासाठी मोठा आहे: फोटो कसा येणार ते आधीच डोळ्यासमोर दिसतं. कापूस मळका दिसला की एक्स्पोजरची चकती अधिककडे दीड-दोन स्टॉप फिरवायची, तो तिथंच पांढरा होतो. काकाजींना ज्याच्यासाठी गवताकडे वळावं लागे ते आता अंगठ्यानं होतं. मोबाइलमध्येही हे करता येतं, पडद्यावर बोट ठेवून उजेड वर सरकवा. पण दुकानात कॅमेरा डोळ्याला लावून पाहा, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात देऊन पाहा, आणि दिवसभर गळ्यात राहील का याचा विचार करा. वाघासाठीची लेन्स दोन हंगामांनंतर घ्या. तोवर भाड्यानं मिळते.

पुतण्यानं शेवटी वापरलेला मिररलेस आणि एक ५० एमएम लेन्स घेतली. यंदाच्या तुरीच्या आणि कापसाच्या पैशातून. काकूंना त्यानं पहिल्या दिवशी तो हातात दिला; त्यांनी डोळा लावला आणि अंगणातल्या कुणाला तरी पुढं यायला सांगितलं.

तुमच्याकडे जो कॅमेरा असेल तो घेऊन यंदा वेचणीच्या दिवसांत शेतात जा. चार पावलांवर उभं राहून, सांगून, विचारून फोटो काढा. चांगल्या निघालेल्या फोटोंच्या कागदावर प्रिंट काढा, मागं नाव, गाव आणि साल लिहा, आणि ज्याचा फोटो त्याच्या घरी एक प्रत नेऊन द्या.